थॉमस पीटर्स : स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांच्या बाजूने लढलेला गुलाम आणि कबूल केलेल्या जमिनीची 8 वर्षांची लढाई

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की आपल्याला जॉर्ज वॉशिंग्टन आठवतो, चहाच्या पेट्या समुद्रात फेकणारे बॉस्टनचे लोक आठवतात आणि 4 जुलै 1776 चा तो जाहीरनामा आठवतो. एका बाजूला स्वातंत्र्य मागणारे अमेरिकन, दुसऱ्या बाजूला जुलमी ब्रिटिश, अशी ही गोष्ट आपण शाळेत शिकलोय.

पण त्याच 1776 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन गावातून एक गुलाम पळाला. त्यालाही स्वातंत्र्यच हवं होतं. आणि ते मिळवण्यासाठी तो वॉशिंग्टनच्या फौजेत गेला नाही, तर ब्रिटिश राजाच्या फौजेत गेला.

त्याचं नाव थॉमस पीटर्स. तो ब्रिटिश सैन्यात सार्जंट झाला, दोनदा जखमी झाला, ब्रिटिश हरल्यावर कॅनडात निर्वासित म्हणून गेला, कबूल केलेली जमीन मिळेना म्हणून थेट लंडनला जाऊन मंत्र्यापुढे अर्ज ठेवला आणि शेवटी आफ्रिकेतल्या एका नव्या शहराच्या पायाभरणीत सामील झाला. आज ते शहर सिएरा लिओन देशाची राजधानी आहे, फ्रीटाऊन.

हा माणूस नेमका कोण होता, ब्रिटिशांच्या बाजूने का लढला आणि युद्धानंतर त्याच्या वाट्याला काय आलं, तेच समजून घेऊ.

थोडक्यात टाइमलाइन

- 1775 : व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरचा जाहीरनामा. बंडखोरांचे गुलाम आमच्या बाजूने लढले तर स्वतंत्र
- 1776 : पीटर्स पळाला, 'ब्लॅक पायोनियर्स' या तुकडीत भरती
- 1783 : ब्रिटिशांची माघार, पीटर्सने कुटुंबासह न्यूयॉर्क सोडलं
- 1784 : नोव्हा स्कॉशियात आगमन, जमिनीसाठी पहिला अर्ज
- 1790 : शेकडो लोकांचं मुखत्यारपत्र घेऊन लंडनकडे
- 1792 : जवळपास 1,200 लोक आफ्रिकेत, फ्रीटाऊनची स्थापना. त्याच वर्षी पीटर्सचा मृत्यू

लॉयलिस्ट म्हणजे कोण?

अमेरिकेच्या 13 वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध बंड केलं, तेव्हा तिथले सगळेच लोक बंडाच्या बाजूने नव्हते. ज्यांनी ब्रिटिश राजाशी निष्ठा ठेवली त्यांना 'लॉयलिस्ट' म्हणतात. यात जमीनदार होते, सरकारी अधिकारी होते, व्यापारी होते, साधे शेतकरी होते, काही मूळ अमेरिकी जमातीही ब्रिटिशांच्या बाजूने होत्या.

युद्ध हरल्यावर या लोकांना अमेरिकेत राहणं अवघड झालं. कुणाच्या मालमत्ता जप्त झाल्या, कुणाला मारहाण झाली. इतिहासकारांच्या अंदाजानुसार सुमारे 60,000 लॉयलिस्टांनी देश सोडला. त्यातले निम्म्याच्या आसपास आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर म्हणजे नोव्हा स्कॉशिया भागात गेले. बाकीचे ब्रिटन, जमैका, बहामा अशा ठिकाणी पांगले.

आता यातली गोम बघा. गोऱ्या लॉयलिस्टांनी जाताना सुमारे 15,000 गुलामही सोबत नेले. म्हणजे 'लॉयलिस्ट' या एकाच शब्दात गुलामांचे मालकही येतात आणि गुलामगिरीतून सुटण्यासाठी लढलेले थॉमस पीटर्ससारखे लोकही येतात. या दुसऱ्या गटाला 'ब्लॅक लॉयलिस्ट' म्हणतात.

गुलाम ब्रिटिशांकडे का गेले?

त्या काळी 13 वसाहतींची लोकसंख्या साधारण 25 लाख होती आणि त्यातले सुमारे 5 लाख लोक गुलामगिरीत होते. म्हणजे दर 5 माणसांमागे 1. 'सगळी माणसं समान' म्हणणाऱ्या जाहीरनाम्याचा लेखक थॉमस जेफरसन स्वतः गुलामांचा मालक होता, वॉशिंग्टनही होता.

नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने एक जाहीरनामा काढला. बंडखोर मालकांचे जे गुलाम शस्त्र उचलून राजाच्या फौजेत येतील, ते स्वतंत्र. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. शेकडो लोक त्याच्याकडे पळून आले. त्यांची 'इथिओपियन रेजिमेंट' उभी राहिली. पण छावणीत देवीची साथ आली आणि त्यातले बरेच जण लढाईऐवजी रोगानेच गेले.

डनमोरला गुलामांचा कळवळा होता, असा याचा अर्थ नाही. तो स्वतः गुलाम बाळगून होता. त्याचा जाहीरनामा फक्त बंडखोरांच्या गुलामांना लागू होता, राजाशी निष्ठावंत असलेल्या मालकांच्या गुलामांना नाही. सरळ हिशोब होता : शत्रूची शेती आणि घरं ज्यांच्या जोरावर चालतात, ती माणसंच काढून घ्यायची.

1779 मध्ये ब्रिटिश सरसेनापती सर हेन्री क्लिंटन याने ही सवलत वाढवली. बंडखोरांचा कोणताही गुलाम ब्रिटिशांच्या हद्दीत आला, तर त्याला संरक्षण मिळेल, सैन्यात भरती होण्याची अटही नाही. पण त्याच फर्मानात असंही होतं की शत्रूच्या फौजेत काम करताना पकडलेल्या कृष्णवर्णीयांना विकलं जाईल.

हे सगळं गुलामांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण एका बाजूला आयुष्यभराची गुलामगिरी होती आणि दुसऱ्या बाजूला निदान एक वचन होतं. युद्धाच्या काळात साधारण 20,000 लोक ब्रिटिशांच्या आश्रयाला गेले असावेत, असा एक अंदाज आहे.

विल्मिंग्टनमधून पलायन

थॉमस पीटर्स विल्मिंग्टनमध्ये विल्यम कॅम्पबेल नावाच्या मालकाकडे गुलाम होता. 1776 च्या वसंतात क्लिंटनचा ताफा जवळच्या केप फियर नदीच्या मुखाशी येऊन थांबला. पळायचं तर हीच वेळ होती. पीटर्सने ती साधली. तेव्हा त्याचं वय चाळिशीला टेकलेलं होतं.

पकडला गेला असता तर फटके, विक्री किंवा फाशी, काहीही होऊ शकलं असतं. आणि जहाजावर पोचल्यावरही तुम्हाला कोण कसं वागवेल याची खात्री नव्हती.

इथेच क्लिंटनने 'ब्लॅक पायोनियर्स' नावाची तुकडी उभी केली. कॅप्टन जॉर्ज मार्टिन तिचा प्रमुख झाला. भरती होणाऱ्याला शपथ घ्यावी लागायची. बदल्यात अन्न, कपडे, पगार आणि युद्ध संपल्यावर स्वातंत्र्य देण्याचं कबूल केलं होतं. या लोकांना नीट, माणुसकीने वागवा, असेही आदेश क्लिंटनने दिले होते.

पीटर्सला पुढे आयुष्यभर हेच वचन धरून राहायचं होतं.

ब्लॅक पायोनियर्सचं काम काय होतं?

पायोनियर म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन वाट तयार करणारी माणसं. जंगल तोडणं, रस्ते करणं, खंदक खणणं, मोर्चे बांधणं, झोपड्या उभारणं ही त्यांची कामं. आपल्याकडच्या जुन्या फौजांमध्ये जे काम बेलदार करायचे, साधारण तेच.

बंदूक घेऊन पुढच्या रांगेत उभं राहायचं नसलं, तरी काम धोक्याचं होतं. खंदक खणताना समोरून तोफा चालू असायच्या. पीटर्स दोनदा जखमी झाला, तो याच कामात.

आणि काही कामं तर निव्वळ घाण उपसण्याची होती. 1777 मध्ये ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया शहर घेतलं, तेव्हा तिथले रस्ते झाडणं आणि कचरा हटवणं हे पायोनियर्सना दिलं गेलं. गोऱ्या शिपायांना हे काम सांगितलं जात नव्हतं. तुकडीचे अधिकारीही गोरेच असत. कृष्णवर्णीय माणसाला चढता येईल अशी सगळ्यात वरची जागा म्हणजे सार्जंट. पीटर्स तिथपर्यंत पोचला.

ही तुकडी क्लिंटनबरोबर चार्ल्स्टन, न्यूयॉर्क, ऱ्होड आयलंड, फिलाडेल्फिया अशी फिरत राहिली. याच काळात पीटर्सने सॅलीशी लग्न केलं. सॅलीसुद्धा साउथ कॅरोलायनातून पळून आलेली होती.

ब्रिटिश हरले, मग यांचं काय?

ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाऊनला लॉर्ड कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली आणि युद्धाचा निकाल लागल्यात जमा झाला. वेढ्यात अन्न कमी पडू लागल्यावर कॉर्नवॉलिसच्या फौजेने आश्रयाला आलेल्या, देवीने आजारी असलेल्या कित्येक कृष्णवर्णीयांना छावणीबाहेर हाकललं होतं.

हाच कॉर्नवॉलिस 1786 मध्ये भारतात गव्हर्नर जनरल म्हणून आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात मराठ्यांची फौज ज्याच्या सोबतीने लढली, तोच हा.

यॉर्कटाऊननंतर ब्रिटिशांकडे उरलेल्या शहरांत न्यूयॉर्क सगळ्यात मोठं होतं आणि तिथे हजारो पळून आलेले लोक जमले होते. नोव्हेंबर 1782 मध्ये तहाचा मसुदा ठरला. त्यातल्या 7 व्या कलमाने सगळ्यांची झोप उडवली. ब्रिटिशांनी जाताना अमेरिकनांचे गुलाम किंवा इतर मालमत्ता सोबत न्यायची नाही, असं त्यात लिहिलं होतं.

जुने मालक आपली माणसं शोधायला न्यूयॉर्कमध्ये येऊ लागले. बॉस्टन किंग नावाच्या एका ब्लॅक लॉयलिस्टने पुढे आपलं आत्मचरित्र लिहिलं. मालक रस्त्यातून, अगदी अंथरुणातून लोकांना उचलून नेत होते आणि भीतीने अन्न गोड लागत नव्हतं, झोप लागत नव्हती, अशी त्या दिवसांची आठवण त्याने सांगितली आहे.

या वेळी ब्रिटिश सेनापती होता सर गाय कार्लटन. मे 1783 मध्ये त्याची आणि वॉशिंग्टनची समोरासमोर भेट झाली. वॉशिंग्टनने गुलाम परत मागितले. कार्लटनने नकार दिला. त्याचं म्हणणं होतं की तहाच्या आधी जे आमच्याकडे आले ते आमच्या वचनानुसार तेव्हाच स्वतंत्र झाले. ती आता कुणाची मालमत्ता नाहीत. फार तर कोण कोण गेलं याची यादी ठेवू, म्हणजे पुढे भरपाईचा प्रश्न आला तर बघता येईल.

ती प्रसिद्ध नोंदवही

त्यातून तयार झाली 'बुक ऑफ नीग्रोज' ही नोंदवही. यातला शेवटचा शब्द आज अपमानकारक मानला जातो, पण दस्तऐवजाचं नाव तेच आहे. न्यूयॉर्कहून ब्रिटिश जहाजांवर चढलेल्या सुमारे 3,000 लोकांची नोंद तिच्यात आहे. नाव, वय, अंगकाठी, आधीचा मालक कोण, त्याला सोडून किती वर्षं झाली, कोणत्या जहाजाने कुठे चाललाय, अशी सगळी माहिती.

ज्यांनी तहाआधी ब्रिटिशांचा आश्रय घेतल्याचं सिद्ध केलं, त्यांना ब्रिगेडियर जनरल सॅम्युअल बर्च याच्या सहीचा दाखला मिळायचा. वाद असेल तर दर बुधवारी फ्रॉन्सेस टॅव्हर्न या खानावळीत ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी बसून सुनावणी घ्यायचे. एका कागदावर माणसाचं आयुष्य ठरत होतं.

या वहीत हॅरी वॉशिंग्टन नावाची एक नोंद आहे, वय 43. आधीचा मालक : जनरल वॉशिंग्टन. होय, तोच. अमेरिकेच्या सरसेनापतीच्या मळ्यातून पळालेला माणूस ब्रिटिशांच्या जहाजावर बसून स्वतंत्र म्हणून निघाला होता. हॅरी या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

थॉमस पीटर्सचीही नोंद आहे. वय 45. सोबत बायको सॅली आणि मुलं. नोव्हेंबर 1783 मध्ये 'जोसेफ जेम्स' या जहाजाने ते नोव्हा स्कॉशियाला निघाले. वाटेत वादळाने जहाज भरकटवलं आणि त्यांना अख्खा हिवाळा बर्म्युडा बेटावर काढावा लागला. मे 1784 मध्ये ते मुक्कामी पोचले. तोपर्यंत बाकीचे हजारो लॉयलिस्ट येऊन रांगेत पुढे उभे होते.

नोव्हा स्कॉशिया : जमीन कुठेय?

लढलेल्या सैनिकांना जमीन, शेती उभी राहीपर्यंत शिधा आणि अवजारं देऊ, असं ब्रिटिश सरकारने कबूल केलं होतं. पीटर्स आणि त्याचे सहकारी डिग्बी गावाजवळच्या ब्रिंडली टाऊन वस्तीत राहायला गेले. ऑगस्ट 1784 मध्ये पीटर्सने दुसऱ्या एका पायोनियर सार्जंटसोबत, मर्फी स्टिलसोबत, गव्हर्नर जॉन पार याला अर्ज केला. मागणी साधी होती : इतर सैनिकांना जे देताय, तेच आम्हालाही कबूल केलं होतं, ते द्या.

प्रत्यक्षात त्यांना घर बांधण्यापुरते एकेक एकराचे तुकडे मिळाले. शेतजमिनीची मोजणी व्हायची, मग ती जागा आधीच कुणाला तरी दिलेली किंवा चर्च-शाळेसाठी राखून ठेवलेली निघायची. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्यांनी कधी जमिनीच्या कामासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

शिध्याचीही तीच गत. गोऱ्या लॉयलिस्टांना 3 वर्षांचा शिधा कबूल केलेला होता. इथल्या पायोनियर्सच्या वाट्याला आला जेमतेम 80 दिवसांचा. तोही फुकट नाही, त्यासाठी रस्त्याची कामं करावी लागली.

बाकीच्या वस्त्यांतही असंच चालू होतं. शेलबर्न गावात जुलै 1784 मध्ये दंगल झाली. कृष्णवर्णीय कमी मजुरीत काम करतात म्हणून आमची कामं जातात, असं म्हणत निवृत्त गोऱ्या शिपायांनी त्यांची सुमारे 20 घरं पाडली. शेजारच्या बर्चटाऊनमध्ये पुढे दुष्काळात लोक रस्त्यावर मरून पडल्याचं बॉस्टन किंगने लिहिलंय. पोटासाठी अनेकांनी वर्षानुवर्षांचे मजुरीचे करार केले. ते करार गुलामगिरीपेक्षा फार वेगळे नव्हते. आणि प्रत्यक्ष गुलामगिरीही आजूबाजूला चालूच होती, कारण गोरे लॉयलिस्ट आपले गुलाम घेऊनच आले होते.

पीटर्स मग फंडीच्या आखातापलीकडे न्यू ब्रन्सविक प्रांतात गेला. तिथेही अर्ज केले. तिथल्या सेंट जॉन शहराला 1785 मध्ये सनद मिळाली, तिच्यात कृष्णवर्णीयांना शहरात धंदा करायला आणि बंदरात मासेमारी करायला मनाई होती. म्हणजे जमीनही नाही आणि दुसरा उद्योगही नाही.

तुलनेसाठी एक आकडा. गोऱ्या लॉयलिस्टांनी गमावलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी ब्रिटिश संसदेने आयोग नेमला आणि त्यातून 30 लाख पौंडांहून जास्त रक्कम वाटली. काही ब्लॅक लॉयलिस्टांनीही अर्ज केले. बहुतेक सगळे फेटाळले गेले. तुम्हाला स्वातंत्र्य मिळालं, ते कमी आहे का, असा एकूण सूर होता.

थेट लंडन

6 वर्षं अर्ज करून झाल्यावर पीटर्सने ठरवलं की आता ज्यांनी वचन दिलं त्यांच्याच दारात जायचं.

याच सुमारास त्याला सिएरा लिओनची बातमी लागली. हकीगत अशी सांगतात की एका जेवणावळीत वाढणाऱ्या कृष्णवर्णीय नोकराने पाहुण्यांचं बोलणं ऐकलं. लंडनमधले काही गुलामगिरीविरोधी लोक आफ्रिकेत मुक्त कृष्णवर्णीयांची वसाहत वसवतायत, असं ते बोलणं होतं. ते पीटर्सपर्यंत पोचलं.

1790 मध्ये दोन्ही प्रांतांतल्या शेकडो लोकांनी पीटर्सला मुखत्यारपत्र दिलं. आमच्या वतीने तूच बोल. वय पन्नाशीच्या पुढे, हातात पैसे नाहीत, वाटेत कुणी पकडून पुन्हा गुलाम म्हणून विकण्याचा धोका. तरी तो अटलांटिक ओलांडून लंडनला पोचला.

तिथे त्याला गुलामगिरीविरोधी चळवळीतला ग्रॅनव्हिल शार्प भेटला. त्याचा जुना सेनापती क्लिंटनही मदतीला आला. पीटर्सचा अर्ज मंत्री विल्यम ग्रेनव्हिल याच्यापर्यंत गेला.

त्या अर्जात काय मागितलं होतं, ते नीट बघायला हवं. सगळ्यांना आफ्रिकेत पाठवा, असं त्यात नव्हतं. काही जणांना हक्काची जमीन मिळाली तर अमेरिका खंडातच राहायचंय, असं त्यात होतं. बाकीचे सरकार सांगेल तिथे जायला तयार आहेत, फक्त मुक्त ब्रिटिश प्रजाजन म्हणून. सोबत आणखी एक तक्रार होती : वसाहतींमध्ये गुलामगिरी चालू आहे आणि कृष्णवर्णीयांना कोर्टात न्याय मिळत नाही.

म्हणजे तो दया मागत नव्हता, ठरलेल्या व्यवहाराची अंमलबजावणी मागत होता.

सरकारने दोन्ही प्रांतांच्या गव्हर्नरांना चौकशीचे आदेश दिले. लोकांपुढे 3 पर्याय ठेवले : जिथे आहात तिथे जमीन घ्या, वेस्ट इंडिजमध्ये सैन्यात भरती व्हा किंवा सरकारी खर्चाने सिएरा लिओनला जा. नोव्हा स्कॉशियातल्या चौकशीचा निष्कर्ष काय निघाला? पीटर्सनेच डिग्बी सोडण्याची घाई केली, थांबला असता तर जमीन मिळाली असती!

हॅलिफॅक्स ते फ्रीटाऊन

सिएरा लिओनची वसाहत चालवण्यासाठी लंडनमध्ये 'सिएरा लिओन कंपनी' स्थापन झाली होती. हेन्री थॉर्नटन तिचा अध्यक्ष, शार्प आणि विल्यम विल्बरफोर्ससारखे लोक संचालक. कंपनीने प्रत्येक पुरुषाला 20 एकर, बायकोसाठी 10 आणि प्रत्येक मुलामागे 5 एकर जमीन कबूल केली.

माणसं गोळा करायला नौदलातला तरुण अधिकारी जॉन क्लार्कसन आला, सोबत पीटर्स परतला. स्थानिक गोरे जमीनदार हादरले, कारण स्वस्तातले मजूर निघून चालले होते. जाणाऱ्यांच्या डोक्यावर कर्ज नसावं, अशी अट होती. त्यामुळे खोटी कर्जं आणि खोटे मजुरीचे करार पुढे येऊ लागले.

'आमच्यावर कर बसेल का?' हा लोकांचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. जमिनीवर कोणताही वार्षिक सारा द्यावा लागणार नाही, असं क्लार्कसनने भर सभेत सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

15 जानेवारी 1792 रोजी हॅलिफॅक्सहून 15 जहाजं निघाली. जवळपास 1,200 लोक. वाटेत 65 च्या आसपास माणसं दगावली. मार्चमध्ये फ्रीटाऊनची स्थापना झाली. उतरलेल्यांमध्ये हॅरी वॉशिंग्टन होता, बॉस्टन किंग होता, थॉमस पीटर्स होता.

फ्रीटाऊनमध्ये काय बिनसलं?

जमीन पुन्हा मिळेना. जंगल दाट, मोजणी झालेली नाही, पाऊस तोंडावर, तापाची साथ. आणि सत्ता कंपनीने नेमलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात.

ज्याच्या अर्जामुळे हे सगळं घडलं, त्या पीटर्सला कंपनीने कोणतंही पद दिलं नव्हतं. क्लार्कसन गव्हर्नर झाला. पीटर्सच्या बाजूने 100 हून अधिक लोकांनी सह्या केल्या की आमचा प्रतिनिधी म्हणून त्याला मान्यता द्या. क्लार्कसनला यात बंडाचा वास आला. एप्रिल 1792 मध्ये त्याने सगळ्यांना एका मोठ्या झाडाखाली बोलावलं आणि भर सभेत पीटर्सला बजावलं की आपल्या दोघांपैकी एक जण या झाडाला लटकेल. लोकांनी माघार घेतली.

काही दिवसांनी पीटर्सवर एका मृत माणसाच्या पेटीतून वस्तू काढल्याचा आरोप झाला. त्या माणसाकडे आपलं येणं होतं, तेच आपण घेतलं, असं त्याचं म्हणणं होतं. खटला वसाहतीतल्याच लोकांच्या ज्युरीपुढे चालला. त्याला दोषी ठरवून जाहीर समज देण्यात आली आणि त्याची पत गेली.

जून 1792 च्या अखेरीस तापाने त्याचा मृत्यू झाला. आफ्रिकेत पोचून 4 महिनेही झाले नव्हते.

पीटर्स आणि क्लार्कसन यांच्यात चूक कुणाची, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. क्लार्कसन लोकांशी प्रामाणिक होता, असं वसाहतवाल्यांचंही मत होतं, तो गेल्यावर त्यांनी त्याची आठवण काढली. पण आम्ही आमचा कारभार स्वतः करू, ही पीटर्सची मागणी त्याला झेपली नाही, हेही खरं.

पुढे काय झालं?

1792 च्या अखेरीस लोकांना जी जमीन मिळायला लागली, ती कबूल केलेल्याच्या साधारण पाचवा हिस्सा होती. त्यानंतर गव्हर्नर झाला झॅकरी मेकॉले. नाव ओळखीचं वाटतंय ना? 1835 मध्ये भारतात इंग्रजी शिक्षणाचा ठराव मांडणाऱ्या थॉमस मेकॉलेचे हे वडील.

याच काळात कंपनीने जमिनीवर एकरी 1 शिलिंग सारा लावला. क्लार्कसनचं 'कर नाही' हे वचन कंपनीने मान्यच केलं नाही. लोकांनी सारा भरायला नकार दिला. वाद चिघळत गेला आणि सप्टेंबर 1800 मध्ये उघड बंड झालं. नेमके तेव्हाच जमैकातले 'मरून' लोक सैनिकांसह जहाजाने तिथे पोचले होते. त्यांच्या मदतीने कंपनीने बंड मोडलं. दोघांना फाशी झाली, अनेकांना हद्दपार केलं गेलं.

हद्दपार झालेल्यांत हॅरी वॉशिंग्टनही होता. त्याचा जुना मालक कर लादणाऱ्या राजाविरुद्ध लढून राष्ट्राध्यक्ष झाला. हॅरीने कर लादणाऱ्या कंपनीला विरोध केला आणि तो हद्दपार झाला.

1808 मध्ये सिएरा लिओन थेट ब्रिटिश राजसत्तेखाली गेलं. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटनने त्याच्या आदल्याच वर्षी बंदी घातली होती. तोवर फ्रीटाऊनपासून जवळच, त्याच नदीतल्या बन्स बेटावरून माणसांची विक्री चालूच होती.

आज थॉमस पीटर्स कुठे आहे?

या वसाहतवाल्यांचे आणि नंतर तिथे आलेल्या मुक्त लोकांचे वंशज आज 'क्रिओ' म्हणून ओळखले जातात. त्यांची क्रिओ भाषा सिएरा लिओनमध्ये वेगवेगळ्या जमातींचे लोक एकमेकांशी बोलायला वापरतात. फ्रीटाऊनमध्ये पीटर्सचा पुतळाही उभारला गेलाय. या शहराच्या जन्माशी जोडलं गेलेलं शेवरीच्या जातीचं अवाढव्य 'कॉटन ट्री' मे 2023 मध्ये वादळात पडलं, तेव्हा त्याची बातमी जगभर झाली होती.

1783 च्या त्या नोंदवहीच्या प्रती आजही ब्रिटन आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. पूर्वज शोधणारी अनेक कुटुंबं त्यात नावं तपासतात.

आणि मूळ प्रश्न : पीटर्स राजाशी निष्ठावंत होता का? त्याने राजाचा गणवेश घातला, हे खरं. पण त्याचे सगळे अर्ज एकाच गोष्टीवर बोट ठेवतात. आम्ही आमची बाजू पाळली, आता तुम्ही तुमची पाळा. स्वातंत्र्य त्याला मिळालं, आणि ते छोटं नव्हतं. त्याची मुलं गुलाम म्हणून वाढली नाहीत. पण ज्या जमिनीवर ते स्वातंत्र्य उभं राहणार होतं, ती 1784 च्या पहिल्या अर्जापासून 1792 मध्ये मरेपर्यंत तो मागत राहिला.